अमेरिकेतली कंपनी काढाल, पण पुढच्या वर्षाचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला, भारतात बसून अमेरिकेत एलएलसी, म्हणजे लिमिटेड लायबिलिटी कंपनी, कशी काढावी हे सांगणारा लेख वाचला. अशी कंपनी काढली की धंद्याचं देणं मालकाच्या घरादारावर येत नाही, डॉलरमध्ये पैसे घेणं सोपं होतं, डेलावेअर नाहीतर वायोमिंग राज्यात चार दिवसांत काम होतं, हे सगळं त्यात आहे आणि ते बरोबर आहे. पण कंपनी रजिस्टर झाली की लेख संपतो. त्यानंतर दरवर्षी राज्याकडे काय भरावं लागतं, याबद्दल त्यात एक ओळही नाही. मी याच गोष्टीत पोळले आहे, म्हणून लिहिते आहे.

मी मूळची इचलकरंजीची, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. २०१८ साली मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी मिळून गोधड्या विकायला सुरुवात केली. जुन्या सुती लुगड्यांच्या, हाताने धावदोरा घातलेल्या. कंपनी हवी म्हणून एका ऑनलाइन सेवेकडे गेलो. त्यांनी सांगितलं, डेलावेअरला काढा, तिथे तुमच्यावर राज्याचा आयकर लागत नाही. आम्ही पैसे भरले, पीडीएफ सर्टिफिकेट आलं, जावेने ते छापून शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीला लावलं.

पहिल्या पूर्ण वर्षात कापड, दोरा, पोस्टाचा खर्च वजा जाता आमच्या हातात ६४० डॉलर उरले. आम्हाला त्याचंही अप्रूप होतं.

२०२१च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या कर खात्याचं पाकीट आलं. आम्ही फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, रिटर्न वेळेवर भरत होतो आणि त्यावर पत्ता फ्रीमाँटचा होता, त्यावरून त्यांना कळलं असावं. मागणी होती तीन वर्षांच्या कराची, वर्षाला ८०० डॉलरप्रमाणे २४०० डॉलर. दंड आणि व्याज वेगळं. मी ते पत्र स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून तीनदा वाचलं. कंपनी डेलावेअरची असताना कॅलिफोर्निया पैसे कसे मागते, हेच मला कळेना.

मागते, आणि कायद्याने मागते. कंपनीचा जन्म कुठे झाला याच्याइतकंच तिचं काम कुठे चालतं यालाही महत्त्व आहे. आम्ही दोघी फ्रीमाँटला बसून शिवत होतो, तिथूनच पार्सलं पाठवत होतो. म्हणजे कंपनी कॅलिफोर्नियात धंदा करत होती. अशा कंपनीला इथे परराज्यातली कंपनी म्हणून नोंदणी करावी लागते आणि वर्षाला किमान ८०० डॉलर फ्रँचायझी टॅक्स, म्हणजे त्या राज्यात धंदा करण्याबद्दलचा कर, भरावा लागतो. नफा होवो, तोटा होवो, एकही गोधडी न विकली जावो. वर्षाची एकूण विक्री अडीच लाख डॉलरवर गेली, तर आणखी फी लागते, ९०० डॉलरपासून पुढे चढत जाणारी. ती विक्रीवर असते, नफ्यावर नाही. शिवाय दर दोन वर्षांनी २० डॉलर भरून कंपनीची माहिती अद्ययावत करायची. ती राहिली तर २५० डॉलर दंड. कर थकला आणि कंपनी सस्पेंड झाली, तर तिला कोर्टात स्वतःची बाजूसुद्धा मांडता येत नाही. ज्या ढालीसाठी कंपनी काढली, तीच अशी ऐन वेळी हातातून जाते.

आणि डेलावेअर सुटलं का? नाही. तिथे एलएलसीला वार्षिक अहवाल नाही, पण १ जूनपर्यंत ३०० डॉलर वार्षिक कर भरावाच लागतो. चुकलं तर २०० डॉलर दंड आणि महिन्याला दीड टक्का व्याज. दोन्ही राज्यांत रजिस्टर्ड एजंट ठेवावा लागतो, म्हणजे सरकारी आणि कोर्टाची कागदपत्रं स्वीकारणारी, त्या राज्यात पत्ता असलेली व्यक्ती किंवा संस्था, आणि बाहेरचा एजंट नेमला तर त्याची फी दरवर्षी. स्वस्तात पडेल म्हणून आम्ही जे केलं, त्याने आम्हाला एकाऐवजी दोन राज्यांचे देणेकरी केलं. सरळ कॅलिफोर्नियात कंपनी काढली असती तर निम्मा व्याप वाचला असता.

प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी आहे. वायोमिंगला वार्षिक अहवाल आणि किमान ६० डॉलर. न्यू जर्सीला ७५ डॉलर. फ्लोरिडात १३८ डॉलर ७५ सेंट, आणि १ मे उलटला की वर ४०० डॉलर. टेक्सासमध्ये छोट्या धंद्याला कर लागत नाही, तरी १५ मेपर्यंत माहितीचा अहवाल द्यावाच लागतो. न्यूयॉर्कमध्ये तर नव्या एलएलसीला दोन वर्तमानपत्रांत सहा आठवडे जाहिरात छापावी लागते. हे ऐकून मला आपल्याकडच्या जाहीर नोटिसा आठवल्या.

भारतात राहून कंपनी काढणाऱ्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते. माझ्या बहिणीच्या मुलाने पुण्यात बसून वायोमिंगला एलएलसी काढली. एकटा मालक. मला म्हणाला, "मावशी, अजून एक रुपया कमावला नाही, मग भरायचं काय?" त्याला वाटत होतं कमाई नाही म्हणजे कागद नाही. पण एकट्या परदेशी मालकाची एलएलसी असेल तर मालक आणि कंपनी यांच्यातल्या पैशाच्या देवाणघेवाणीसाठी फेडरल कर खात्याकडे फॉर्म ५४७२ द्यावा लागतो. कंपनी काढायला त्याने खिशातून घातलेले पैसे हीसुद्धा देवाणघेवाणच. तो फॉर्म दिला नाही तर दंड २५,००० डॉलरचा आहे. पंचवीस हजार! शिवाय ही परदेशी मालमत्ता भारतातल्या आयकर रिटर्नमध्येही दाखवावी लागते. त्या पोराला आम्ही वेळेत सीपीएकडे, म्हणजे इथल्या सनदी लेखापालाकडे, बसवलं, म्हणून निभावलं.

कंपनी बंद करायचंही तसंच. पैसे भरणं थांबवलं किंवा वेबसाइट काढून टाकली म्हणजे कंपनी बंद होत नाही. राज्याकडे रद्द करण्याचा अर्ज जाऊन मंजूर होईपर्यंत कॅलिफोर्नियाचे ८०० दरवर्षी चढत राहतात. मुलं नोकरीला लागतात, कंपनी विसरतात, आणि मीटर चालू राहतो.

आणखी एक. कंपनी निघाली की सरकारी दिसणारी पत्रं येऊ लागतात, अमुक अहवालासाठी सव्वाशे डॉलर भरा, तमुक सर्टिफिकेट घ्या. खाली अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही सरकारी संस्था नाही. जावेने घाबरून अशा एका पत्राला चेक पाठवला होता. ज्याची खरोखर गरज होती त्याची आठवण मात्र आम्हाला कुणी केली नाही.

माझी विनंती एवढीच, की असे लेख छापताना सोबत एक चौकट द्यावी: त्या राज्याची वार्षिक फी किती, तारीख कोणती, काम दुसऱ्या राज्यातून चालत असेल तर तिथे काय भरायचं, आणि कंपनी बंद कशी करायची. कंपनी काढून देणाऱ्या सेवा हे आपणहून सांगत नाहीत. आपला लेख वाचून ज्यांनी या महिन्यात डेलावेअरला कंपनी काढली असेल, त्यांनी आजच कॅलेंडरवर पुढच्या वर्षीच्या १ जूनला खूण करावी.

आपली नम्र,
एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया