बाबांच्या कवळीला झेपेल असं खाजं

मालवण

ती. आई-बाबांना
सा. न.

बाबा, डोळ्यांत थेंब वेळेवर घालताय ना? ऑपरेशनमुळे तुमची आंगणेवाडीची जत्रा चुकली. भराडीदेवीची ओटी मी भरून आले.

येताना खाज्याच्या दुकानापाशी थांबले, पण घेतलं नाही. गेल्या वर्षी बाबांनी एक कांडी अर्धा तास गालात धरली आणि माझं लक्ष नाही असं बघून कावळ्याला टाकली. मी पाहिलं होतं! म्हटलं, यंदा घरीच करू, जरा बारीक.

आई, हसू नकोस. अर्धा किलो बेसन, मीठ, हळद, कडकडीत तेलाचं मोहन. तुझा पितळी सोऱ्या काढला. तळण छान झालं. पुढे मात्र गुळाने रडवलं. पहिला पाक कच्चा राहिला. सगळ्याचा एकच गोळा, उलथनं त्यात उभं! दुसरा करपला.

तिसऱ्या वेळी शेजारची काकी आली. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायला लावला. बोटांत त्याची गोळी झाली. "टण वाजली तर ती चिक्की," म्हणाली. कढई खाली उतरवली, ठेचलेलं आलं टाकलं, वर शेव. सगळं ओलं, चकचकीत. मी हात थांबवणार तेवढ्यात काकी ओरडली, "हलवत रव!"

पाच-सात मिनिटांत चकाकी गेली. गूळ आधी मंद, मग पांढुरका झाला आणि एकमेकींना चिकटलेल्या कांड्या कढईत खुळखुळायला लागल्या. निवता पाक घोटत राहिलं की त्यातली साखर परत कणाकणाने धरते, तोच हा पांढरा थर. इतकी वर्षं मी समजत होते, वरून पिठीसाखर लावतात! आलं थोडं जास्त झालंय, घशाला लागेल. मला तसंच आवडतं.

शनिवारी तुतारी एक्स्प्रेसने ओळखीचे एकजण दादरला येतायत, त्यांच्याकडे डबा देतेय. वरची पुडी बाबांची, बारीक शेवेची. तरी आधी दुधात बुडवून बघा. मधली आईची.

तळाची काळी पुडी दुसऱ्या घाण्याची आहे, ती दादाला द्या. गणपतीत माझ्या मोदकांना नावं ठेवत होता.

तुमची,
बाय