अकरा जागांच्या पलीकडचे क्रिकेट : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय क्रीडामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : फ्रँचायझी क्रिकेट लीग आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट यांच्या वेळापत्रकाबाबत व खेळाडूंच्या मानधनाच्या हमीबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सांगलीत गेली बावीस वर्षे मुलामुलींना क्रिकेट शिकवतो. आमच्याकडे टर्फ विकेट, म्हणजे माती-गवताची खेळपट्टी, नाही; मॅटिंग, म्हणजे अंथरायची चटई, आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने तीही गुंडाळून ठेवावी लागते. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम, २०२५ संसदेने संमत केल्यापासून, आणि लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा समावेश झाल्यापासून, या खेळाच्या कारभाराशी आपल्या मंत्रालयाचा संबंध पूर्वीपेक्षा कितीतरी जवळचा झाला आहे, म्हणून हे पत्र क्रिकेट मंडळाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. लीग क्रिकेटने, म्हणजे खासगी मालकांच्या (फ्रँचायझींच्या) संघांच्या स्पर्धांनी, खेळाचा बाजार मांडला, देशासाठी खेळण्याची ओढ संपवली, असे सरसकट बोलले जाते. मैदानावर रोज उभा राहणारा माणूस म्हणून मला हे मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर सांगण्याची परवानगी असावी.

भारतीय संघात जागा अकरा. राखीव खेळाडू धरले तरी पंधरा-सोळा. या देशात क्रिकेट गांभीर्याने खेळणाऱ्यांची संख्या मोजायला बसले तर लाखांत जाईल, आणि २००८ पर्यंत त्या सर्वांपुढे चांगल्या उपजीविकेचा जवळजवळ एकच दरवाजा होता, तो या अकरा जागांचा. दरवाजा उघडला नाही तर बँकेची किंवा रेल्वेची नोकरी मिळाली तर मिळाली. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा त्या वेळचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर असताना प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळण्यास नकार दिला. एवढ्या मोठ्या फलंदाजाच्या वाट्याला एकही अधिकृत कसोटी आली नाही. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत, म्हणजे रणजीसारख्या अनेक दिवसांच्या सामन्यांत, ५८९ बळी घेतले, तेही भारताकडून कधी खेळले नाहीत. अमोल मुजुमदारने रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमवल्या, आणि त्याच्याही डोक्यावर भारताची टोपी चढली नाही. ही आपल्या मातीतली माणसे आहेत आणि त्यांच्याविषयी आपण हळहळतो, पण गुणवत्ता आणि जागा यांचे गणितच मुळात जुळणारे नव्हते, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही.

आयपीएलने १८ एप्रिल २००८ रोजी हे गणित बदलायला सुरुवात केली. मुंबईचा प्रवीण तांबे हा माणूस २०१३ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, राजस्थान रॉयल्सकडून आयपीएल खेळला. तोपर्यंत तो प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेला नव्हता. मैदानी क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षे लेगस्पिन टाकणाऱ्या या गोलंदाजाला निवड समितीच्या यादीत स्थान नव्हते, फ्रँचायझीच्या यादीत मिळाले, आणि त्यानंतर मुंबईच्या रणजी संघाचा दरवाजाही त्याच्यासाठी उघडला. जसप्रीत बुमराहसुद्धा २०१३ मध्ये आधी आयपीएल खेळला आणि नंतर रणजी. आज कसोटी क्रिकेटमध्ये जगातल्या उत्तमोत्तम फलंदाजांना झुंजवणारा हा गोलंदाज लीगच्या वाटेने आला, हे लीगला दोष देताना विसरता कामा नये.

मुलींच्या बाबतीत तर हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे. १३ फेब्रुवारी २०२३, सोमवार. दुपारी मुंबईत विमेन्स प्रीमियर लीगचा (डब्ल्यूपीएल) पहिला लिलाव सुरू झाला तेव्हा आमच्या मैदानाच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा मुली एका मोबाइलभोवती बसल्या होत्या. मोबाइलची काच तडकलेली, आवाज कमी, रेंज अधूनमधून जाणारी. पहिलेच नाव आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाचे पुकारले गेले आणि बोली ३ कोटी ४० लाखांवर थांबली, तेव्हा कोणीही ओरडले नाही. क्षणभर सगळ्या गप्प झाल्या, आणि मग एकीने पॅड बांधायला घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुलीचे वडील मैदानावर आले. ते मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. दहावीनंतर हे खेळणे बंद, असे त्यांनी मला दोन महिन्यांपूर्वी स्पष्ट सांगितले होते. त्या दिवशी त्यांनी विचारले, "सर, राज्याच्या चाचणीला नाव द्यायचं तर कागद काय काय लागतात?" महोदय, मुलींनी खेळावे यासाठी भाषणे मीही पुष्कळ केली आहेत. त्या बापाच्या तोंडून हा प्रश्न माझ्या एकाही भाषणाने निघाला नव्हता.

त्यानंतर जे घडले ते साऱ्या देशाने पाहिले. पहिल्या हंगामात पाच संघांनी जवळपास साठ भारतीय मुलींना करारबद्ध केले. आंध्रच्या कडप्पा जिल्ह्यातली श्री चरणी आणि मध्य प्रदेशच्या छतरपूर जिल्ह्यातली क्रांती गौड या दोघी २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये डब्ल्यूपीएल खेळल्या, एप्रिल-मेमध्ये त्यांना भारताची टोपी मिळाली, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्या विश्वविजेत्या संघात होत्या. त्याआधी तीनच दिवस, त्याच मैदानावर, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांच्या बळावर गाठले गेले. ज्या ऑस्ट्रेलियाच्या नुसत्या नावाने आपल्या मुलींचे खांदे पडत असत, त्या संघातली ॲनाबेल सदरलँड ही दिल्ली कॅपिटल्समध्ये जेमिमाची सहकारी, आणि त्या संघाची तेव्हाची कर्णधार ॲलिसा हीली हिच्या हाताखाली दीप्ती शर्मा यूपी वॉरियर्समध्ये खेळलेली. जिच्यासोबत महिनाभर एका पंक्तीला जेवलो, जिचा सराव नेटच्या मागे उभे राहून रोज पाहिला, तिचे भय वाटत नाही. हे शिक्षण कोणत्याही सराव शिबिरातून देता आले नसते. आणि या विश्वविजेत्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता अमोल मुजुमदार. खेळाडू म्हणून अकरांत न बसलेल्या या माणसाने राष्ट्रीय जबाबदारी येण्यापूर्वी राजस्थान रॉयल्समध्ये फलंदाजी प्रशिक्षक म्हणून काम केलेले होते. प्रशिक्षक, फिजिओ, विश्लेषक, गुणलेखक अशा कितीतरी माणसांचा चरितार्थ आज या स्पर्धांवर चालतो.

पैशांविषयीही संकोच न ठेवता लिहितो. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. जून २०२२ मध्ये हा लिलाव सुरू असतानाच मंडळाने माजी खेळाडू आणि पंचांचे निवृत्तिवेतन वाढवले. ज्यांना महिना १५ हजार मिळत होते त्यांचे ३० हजार झाले. त्याच्या आदल्या वर्षी रणजी खेळाडूंचे मानधन अनुभवानुसार दिवसाला ४० ते ६० हजार ठरवण्यात आले होते. स्टेडियम रिकामे असताना चार दिवस चालणारा रणजी सामना आपल्या तिकिटांवर कधीच जगला नसता. त्याला लीग जगवते, हे कसोटीवर जीव लावणाऱ्या माझ्यासारख्यानेही कबूल केले पाहिजे.

मी लीगचा आंधळा भक्त मात्र नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी पाण्याची रेल्वे आमच्या मिरजेतून भरून जात होती. टँकरसाठी माणसे रात्र रात्र जागत असताना खेळपट्ट्यांवर पाणी मारले जाणार होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला, तो मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. लीगला समाजाचे आणि खेळाचे बंधन हवेच. ते कोठे हवे, हे सांगण्यासाठी पत्राचा उरलेला भाग आहे.

पहिले बंधन वेळापत्रकाचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडमधील कसोटी मालिकेसाठी चक्क नवख्यांचा संघ पाठवला. कर्णधारासह निम्मी नावे कसोटी न खेळलेली होती, कारण प्रमुख खेळाडू त्यांच्याच देशातील एसए-ट्वेंटी लीगला बांधलेले होते. न्यूझीलंडने इतिहासात पहिल्यांदाच त्यांच्याविरुद्ध कसोटी मालिका जिंकली, पण त्या विजयाची चव न्यूझीलंडलाही पुरती लागली नसेल. लीग चालली नाही तर त्यांचे मंडळच चालणार नाही, ही दक्षिण आफ्रिकेची बाजू होती आणि ती खोटी नव्हती. याच देशाने जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदही पटकावले. म्हणजे लीग आणि कसोटी एकत्र नांदू शकतात, दोन्हींच्या तारखा एकमेकींवर आदळल्या नाहीत तर. आपल्याकडेही २०२३ चा आयपीएल अंतिम सामना पावसामुळे लांबत ३० मेच्या पहाटेपर्यंत चालला आणि ७ जूनला आपला संघ ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात उतरला. वीस षटकांच्या दोन महिन्यांनंतर इंग्लंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या ड्यूक चेंडूशी जुळवून घेण्यासाठी आठवडा मिळाला, आणि आपण २०९ धावांनी हरलो. आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात आयपीएलसाठी अडीच महिन्यांची खिडकी राखून ठेवली जाते. तशीच परदेशी कसोटी मालिकेपूर्वी किमान तीन आठवड्यांची खिडकी कसोटी संघासाठी राखून ठेवावी, एवढी साधी मागणी आपण मंडळापुढे ठेवू शकता. कसोटी खेळणाऱ्यांसाठी मार्च २०२४ मध्ये मंडळाने सामन्यामागे ४५ लाखांपर्यंतचे प्रोत्साहन जाहीर केले, ते स्वागतार्ह आहे, परंतु तयारीचे दिवस पैशांनी विकत घेता येत नाहीत.

दुसरे बंधन मानधनाचे, आणि हा विषय माझ्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. आयपीएलच्या खेळाडूला पैसे बुडण्याची धास्ती नसते. धास्ती असते ती खालच्या पायऱ्यांवर. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीनगरच्या बक्षी स्टेडियमवर एक खासगी लीग भरली, परदेशातून नावाजलेले खेळाडू आले, आणि स्पर्धा अर्ध्यावर असताना आयोजकच पसार झाले. खेळाडू आणि पंच हॉटेलात अडकून पडले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बांगलादेश प्रीमियर लीगमध्ये राजशाहीच्या खेळाडूंनी मानधन थकल्यामुळे सरावाला उतरण्यास नकार दिला होता. माझा एक विद्यार्थी, डावखुरा फिरकी गोलंदाज, एका छोट्या लीगमध्ये खेळला. ठरलेल्या रकमेतला निम्मा भाग त्याला सात महिन्यांनी मिळाला आणि उरलेला आजतागायत नाही. करार म्हणून त्याच्याकडे मोबाइलवर आलेले दोन ओळींचे संदेश होते, ते घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला. त्याला मी काय सांगणार होतो?

राज्य पातळीवरच्या लीगचे महत्त्व मी कमी लेखत नाही. महाराष्ट्र प्रीमियर लीग जून २०२३ मध्ये गहुंजे येथे सुरू झाली. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने तिथे शतक ठोकले, वर्षअखेरीस लखनौच्या संघाने त्याला लिलावात घेतले, आणि पुढच्याच महिन्यात तो भारताच्या १९ वर्षांखालील संघाकडून विश्वचषक खेळत होता. सोलापूरच्या मुलाला असा रस्ता माझ्या तरुणपणी नव्हता. म्हणूनच हा रस्ता भरवशाचा असला पाहिजे. कोणत्याही लीगला मान्यता किंवा सार्वजनिक स्टेडियम देण्यापूर्वी खेळाडू, पंच आणि गुणलेखक यांच्या संपूर्ण मानधनाइतकी बँक हमी आयोजकांकडून घ्यावी, प्रत्येक खेळाडूला त्याच्या भाषेतला छापील करार द्यावा, आणि तक्रार नव्या कायद्यातील राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाकडे नेण्याची सोपी सोय असावी. पहिला चेंडू पडण्यापूर्वी पैसे बाजूला काढलेले असावेत, एवढाच याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट थोडक्यात लिहितो. महिलांच्या राज्यस्तरीय लीग नुकत्याच उभ्या राहत आहेत. त्यांना टर्फ विकेट असलेली मैदाने लागतील, आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत नाहीत. मॅटिंगवर शिकलेल्या मुलीला राज्याच्या चाचणीत टर्फवर चेंडू कमी उसळतो हे पहिल्यांदा कळते, आणि तोवर तिची चार षटके संपलेली असतात. एका जिल्ह्यात दोन टर्फ विकेट आणि त्यांची देखभाल करणारा एक प्रशिक्षित माळी, एवढी तरतूद केंद्राच्या योजनेतून व्हावी आणि त्यात मंडळानेही आपला वाटा उचलावा.

हळदीची पोती उचलणाऱ्या त्या वडिलांची मुलगी आता राज्याच्या चाचणीपर्यंत पोहोचली आहे. मध्यमगती गोलंदाजी करते, चेंडू आत आणते. येत्या हंगामात तिच्यासह माझ्या मैदानावरच्या तीन मुली आणि दोन मुले कुठल्या ना कुठल्या लीगच्या करारावर सही करतील. बँक हमीची अट त्याआधी लागू झाली, तर सही करण्यापूर्वी कागद माझ्यापुढे धरून "सर, पैसे मिळतील ना?" असे त्यांना विचारावे लागणार नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
सांगलीतील एक क्रिकेट प्रशिक्षक