आमच्या बागा रात्री आठला बंद करू नका

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : खानदेशातील नगरपालिकांच्या बागांच्या वेळा, सावली आणि माळ्यांच्या पदांबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावात मी भूगोल शिकवते. आमच्या बागेच्या फाटकावर पाटी आहे : सकाळी ६ ते ९, सायंकाळी ५ ते ८. बारा महिने हीच वेळ. थंडीत तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मे महिन्यात पाच वाजता आमच्याकडे संध्याकाळ झालेली नसते, दुपारच चालू असते. लोखंडी बाकावर टेकता येत नाही. ऊन उतरून वारा जरा निवतो तो आठच्या पुढे. घरोघरची जेवणं तेव्हा आटोपत आलेली असतात, पोरं बाहेर जायचा हट्ट धरतात, आणि त्याच वेळी वॉचमन शिट्टी वाजवत सगळ्यांना बाहेर काढतो. वर्षात ज्या तीन महिन्यांत गावाला बागेची सर्वांत जास्त गरज, त्याच तीन महिन्यांत ती आम्हाला मिळत नाही.

ही वेळ ठरवणाऱ्याने वाईट हेतूने ठरवली असेल असं मी म्हणत नाही. कुठल्या तरी दुसऱ्या गावची, समजा पुण्याची, पाटी पाहून केली असणार. पण पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि जळगाव दोनशेच्या आसपास. आम्ही तापीच्या खोऱ्यात, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधल्या खोलगट पट्ट्यात राहतो. समुद्र लांब. वायव्येकडून येणारे कोरडे वारे उन्हाळाभर वाहतात. भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर गेल्याची बातमी दर वर्षी येते आणि आता ती कोणी वाचतही नाही. एवढा फरक असताना दोन्हीकडच्या बागांना एकच वेळ कशी चालेल?

पूर्वी आमच्याकडे धाब्याची घरं होती. मातीचं सपाट छप्पर, त्यावर संध्याकाळी पाणी शिंपायचं, गोधड्या टाकायच्या आणि सगळ्या घराने वर झोपायचं. शेजारच्या धाब्यावरच्या काकूंशी गप्पा तिथूनच व्हायच्या. आता धाबी पडली, पत्रे आणि स्लॅब आले. पत्र्याखाली रात्री बारापर्यंत झोप येत नाही. कूलरला पाणी लागतं, आणि नळ रोज येत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तिथे रात्री उघड्यावर तासभर बसायला मिळणं ही चैन नाही, महोदय. ज्यांच्या घरी एसी आहे ते बागेत येतच नाहीत. येतात ते बाकीचे, आणि बाकीचेच जास्त आहेत.

म्हणून पहिली मागणी अशी की १५ मार्च ते १५ जून या काळात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या नगरपालिकांच्या बागा पहाटे पाचला उघडाव्यात आणि रात्री अकरापर्यंत उघड्या राहाव्यात. भर दुपारीही बाग बंद ठेवू नये. त्या वेळी हातगाडीवाले, हमाल, बाहेरगावाहून बाजाराला आलेले लोक झाडाखाली पडायला जागा शोधत असतात. आमच्याकडे दुपारी बागेला कुलूप आणि लोक दुकानांच्या पायऱ्यांवर, हे दृश्य नेहमीचं.

‘रात्री बाग उघडी ठेवली की टवाळखोर जमतात’ हे उत्तर मला पाठ आहे. टवाळखोर आजही जमतात, कुंपणावरून उड्या मारून, अंधारात. त्यांना आठचं कुलूप अडवत नाही. अडतात त्या बायका आणि लेकरं. दिवे चालू असले, चार कुटुंबं शतपावली करत असली, फाटकाशी कुल्फीची गाडी आणि चणे-फुटाण्यांचा ठेला असला की बाई निर्धास्त बसते. पण अतिक्रमण म्हणून आधी हाकलतात ते नेमकं या गाडीवाल्यांना. त्यांना फाटकाबाहेर आखून जागा द्या, महिन्याला माफक भाडं घ्या. आणि स्वच्छतागृह. बागेत कारंजं असतं, सेल्फी पॉइंट असतो, ‘आय लव्ह’ पुढे गावाचं नाव असलेली रंगीत अक्षरं असतात, पण बायकांसाठी पाणी असलेलं, कडी लागणारं एक स्वच्छतागृह नसतं. ते नसेल तर कोणतीही बाई अर्ध्या तासाच्या वर तिथे थांबत नाही, मग तुम्ही बाग पहाटेपर्यंत का उघडी ठेवा ना.

आता बागेत काय असावं याकडे येते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमचा मोठा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, गाणी म्हणतात. हा सण येतो ऐन उन्हाच्या कडाक्यात, आणि तरीही तो घराबाहेर होतो, कारण निंबाखाली बसता येतं. आमच्या नव्या बागेत झोका बांधण्याजोगी एक फांदी नाही. रॉयल पाम आहेत, शोभेची छाटलेली झुडपं आहेत, हिरवळ होती ती पहिल्याच उन्हाळ्यात गेली. पायाखाली पेव्हर ब्लॉक. ते दिवसभर तापतात आणि रात्री दहापर्यंत उष्णता परत देतात, म्हणजे ज्या वेळी माणूस गारव्याला येतो त्याच वेळी खालून झळ लागते. लोखंडी घसरगुंडीवर संध्याकाळी सहालाही लेकराला बसवता येत नाही. आमच्या शेजारच्या आजी नव्या जागेबद्दल एकच प्रश्न विचारतात, ‘सावली शे का तठे?’ बागेचा आराखडा मंजूर करणाऱ्या अभियंत्याने एवढाच प्रश्न विचारला असता तरी पुष्कळ काम झालं असतं.

निंब, वड, पिंपळ, चिंच, करंज, शिरीष, जांभूळ. आमच्या मातीत ही झाडं टिकतात हे सांगायला सल्लागार नेमायची गरज नाही, कोणत्याही जुन्या रस्त्याच्या कडेला पाहावं. त्याऐवजी लवकर हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस हा परदेशी वृक्ष लावला जातो. ज्या गुजरातची हद्द नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून जाते, त्या गुजरातने २०२३ मध्ये कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडेही तो निदान नगरपालिकेच्या पैशाने तरी लावू नये.

पाणी नाही हे कारण मी निम्मंच मान्य करते. ठिबक सिंचनाचा एवढा मोठा उद्योग जळगावात उभा राहिला, रावेर-यावलचा शेतकरी केळीला थेंब मोजून पाणी देतो, आणि नगरपालिकेच्या बागेत मात्र टँकर लावून भर उन्हात जाड पाइपाने पाणी सोडतात. त्यातलं निम्मं पेव्हर ब्लॉकवरून गटारात जातं. केळीबागेभोवती शेवरी नाहीतर गजराज गवत लावून शेतकरी उष्ण वारा अडवतो. बुंध्याभोवती आच्छादनाला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भुसा आहे, केळीची खोडं आहेत, हंगामात ती फुकट मिळतात. बाग राखायची कशी हे या जिल्ह्यांना शिकवावं लागत नाही. पालिकेने शेजारच्या शेतकऱ्याला विचारावं, इतकंच.

पण हे सगळं करणारा माणूस कुठे आहे? इथे मला जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण ही गोष्ट आमच्या मुख्याधिकाऱ्यांच्या हातात नाही, तुमच्या आहे.

बाग बांधायला पैसे मिळतात. नगरोत्थान योजना आहे, वैशिष्ट्यपूर्ण कामांचा निधी आहे, आमदार निधी आहे. २०१५ मध्ये आलेल्या अमृत योजनेत तर निधीच्या अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम हिरव्या जागा आणि उद्यानांसाठी ठेवली होती. या सगळ्या पैशातून वस्तू उभ्या राहतात : कुंपण, कमान, कारंजं, खुली व्यायामशाळा. त्यावर नावांची फरशी बसते. माळ्याचा पगार मात्र यातल्या कशातूनच निघत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) अबंधित, म्हणजे ठरावीक कामाची सक्ती नसलेला, निधीही पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नव्हता. राहिला पालिकेचा स्वतःचा निधी, तो पाणीपट्टीच्या थकबाकीत आणि वीजबिलात संपतो. जुने माळी निवृत्त झाले की त्यांची पदं भरली जात नाहीत. सफाईच्या ठेक्यातला एखादा मुलगा बागेत पाठवतात. तो झाडू मारतो, पाणी मारतो, छाटणी त्याला कोणी शिकवलेली नसते. मग निंबाचा शेंडाच कापला जातो आणि झाड पसरण्याऐवजी खुरटतं.

कायद्यातही बागेचं स्थान असंच दुय्यम आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा आणि क्रीडांगणांची वेगळी नोंद केली, पण आपल्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात बागा अजून ऐच्छिक कर्तव्यांत आहेत. ऐच्छिक म्हटलं की अर्थसंकल्पात त्यांचा नंबर शेवटचा लागतो. हा कायदा बदलायला वेळ लागेल हे मला समजतं. आकृतिबंध, म्हणजे पालिकेत कोणती पदं किती याचा मंजूर तक्ता, बदलायला तेवढा लागू नये. एकरी किती माळी हे ठरवून प्रत्येक पालिकेच्या आकृतिबंधात ती पदं आणा. घरपट्टीच्या बिलात आम्ही वृक्ष कर भरतो, १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरण आहे. त्या पैशाचा हिशेब दर वर्षी बागेच्या फाटकावर लावायला सांगा. आणि ज्या निविदेत तीन वर्षांची देखभाल माळ्यासकट धरलेली नाही, त्या बागेला तांत्रिक मंजुरीच देऊ नका.

धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. नदीवर बंधारे, त्यांतून पाट, आणि पाण्याची वाटणी गावाची. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या पिकं राखायचा, आणि त्यांचं मोल लाभ घेणारे शेतकरी धान्याच्या रूपाने द्यायचे. बंधारा कोणी बांधला ते लोक विसरले असतील, पाटकऱ्याचा वाटा मात्र कोणी विसरत नसे. बागेसाठी मी तेच मागते आहे. माळ्याच्या कामावर लक्ष ठेवायला बागेत रोज येणाऱ्यांची एक छोटी समिती असावी, तिच्यात निम्म्या बायका असाव्यात आणि नगरसेवक एकच. समितीने पैसे हाताळू नयेत, फक्त माळ्याच्या हजेरीवर तिची सही लागावी.

जळगावात काव्यरत्नावली चौकाजवळचं भाऊंचं उद्यान लोक आवर्जून दाखवतात, आणि ते दाखवण्यासारखं आहेच. पण त्यामागे मोठ्या उद्योगसमूहाचा हातभार आहे. अमळनेर, पारोळा, शिरपूर, तळोदा इथल्या प्रत्येक बागेला असा पाठीराखा कुठून मिळणार? दत्तक योजनेच्या जाहिराती काढून हा प्रश्न सुटत नाही. दत्तक घेणारे बहुधा फलक लावण्यापुरतेच येतात.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींबद्दल लिहिलं नाही तर माझे विद्यार्थी मला विचारतील. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. आमची मुलं त्याचा सराव पहाटे चारला महामार्गाच्या कडेला, ट्रकांच्या उजेडात करतात. बागेच्या कडेने मातीची, मोजून आखलेली धावपट्टी केली आणि फाटक पहाटे उघडलं तर हा धोका टळतो. सिंथेटिक ट्रॅक नको, तो आमच्या उन्हात कसा टिकेल देव जाणे. मुरूम आणि माती पुरे.

एक गोष्ट थोडक्यात. विकास आराखड्यात बाग किंवा क्रीडांगण म्हणून राखलेल्या जागा दहा वर्षांत ताब्यात घेतल्या नाहीत, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत की आरक्षण संपतं. हे बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि जागेवर दुकानांची रांग उभी राहिल्यावर सगळे हळहळतात. अशा जागांची यादी आणि प्रत्येकीची मुदत कधी संपते हे प्रत्येक पालिकेला जाहीर करायला लावा. कॉलन्यांतल्या खुल्या जागांचंही तेच. लेआउट मंजूर करताना सोडलेली दहा टक्के जागा वर्षभर कचरा टाकायला, मग कोणाच्या तरी सभागृहाला, हा क्रम आता आमच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यावर कोणी भांडतही नाही.

या पत्रातल्या बऱ्याच गोष्टींना वर्षं लागतील. झाड लावून सावली यायलाच सात-आठ वर्षं जातात, म्हणून ते काम या पावसाळ्यात सुरू झालं पाहिजे. पण वेळेच्या पाटीला ना मोठा निधी लागतो ना आकृतिबंध. तिन्ही जिल्ह्यांच्या मुख्याधिकाऱ्यांना एका पानाचं परिपत्रक, त्यात उन्हाळ्याच्या वेळा, दिव्यांची सोय आणि रात्रपाळीच्या एका रखवालदाराची तरतूद, एवढंच. पालिकांचे अर्थसंकल्प फेब्रुवारीत होतात. परिपत्रक त्याआधी आलं तर रखवालदाराचे पैसे त्यात धरता येतील, आणि आखाजीच्या आत फाटकावरची पाटी बदलता येईल.

आपली,
खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावातली भूगोलाची शिक्षिका

प्रत माहितीसाठी : जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे मा. जिल्हाधिकारी