त्या सुराला चूक न म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बँडचा पहिला अल्बम प्रकाशित झाला आणि ऐकणाऱ्यांकडून एक गोष्ट वारंवार कानावर येत आहे, ती म्हणजे त्यातला साझ, म्हणजे लांब दांडीचे तुर्की तंतुवाद्य, कुणी अगदी समोर बसून वाजवत असल्यासारखे ऐकू येते. वाजवणारा मी असल्यामुळे हे कौतुक माझ्या वाट्याला येते. ते निम्म्याहून अधिक या अल्बमचे ध्वनिमिश्रण करणाऱ्या तुमचे आहे, आणि हे चार लोकांदेखत सांगावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

तुमच्याकडे आलो तेव्हा आमच्याजवळ एक तयार मिक्स, म्हणजे सगळी वाद्ये एकत्र जुळवलेले मुद्रण, होते आणि मनात खोल निराशा होती. मागे कोणतीही संगीत कंपनी नाही, सारा खर्च चौघांच्या बचतीतून चाललेला, अशा बँडला एकच काम दोनदा करून घेणे परवडत नाही, हे पुरते ठाऊक असूनही ते मिक्स लोकांसमोर ठेवायला आमचे मन घेईना. काही तरी हरवले आहे एवढे कळत होते, पण नेमके काय, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हते. तुम्ही हेडफोन लावून सात मिनिटांची ती रचना एकदा सलग ऐकलीत, मला साझ बाहेर काढायला सांगितलेत आणि त्या चालीतला केवळ दुसरा स्वर दहा-बारा वेळा वाजवून घेतलात. मग म्हणालात, ‘‘हा स्वर तुमच्या हातात एक आहे आणि मुद्रणात दुसराच आहे.’’

तुर्कस्तानच्या संगीतात एका पूर्ण स्वरांतराचे नऊ कोमा, म्हणजे नऊ सूक्ष्म भाग, मानतात आणि साझच्या दांडीवरचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने ते त्या बेताने सरकवून बसवता येतात. आमच्या चालीचा आधारस्वर षड्ज मानला, तर तिचा दुसरा स्वर शुद्ध ऋषभाच्या दोन कोमा खाली, म्हणजे सुमारे 45 सेंट उतरलेला आहे. अर्ध्या स्वरांतराचे 100 सेंट धरले, तर तो शुद्ध आणि कोमल ऋषभाच्या जवळजवळ मध्यावर येतो. आधीच्या मिक्समध्ये सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर वापरले गेले होते आणि त्याला बाराच स्वर ठाऊक होते. त्यामुळे बोट पडद्यावर किंचित अधिक दाबले गेले की त्याने माझा स्वर वर ओढून शुद्ध केला, आणि पुढच्याच क्षणी तोच स्वर खाली ढकलून कोमल केला. एकाच ओळीत तो तीन वेळा असा इकडून तिकडे उडी मारत होता. तुम्ही ती ओळ निम्म्या वेगाने ऐकवलीत, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण गेले कित्येक आठवडे मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

तुम्ही मूळ मुद्रण मागवून घेतलेत आणि साझच्या एकाही स्वराला हात लावला नाहीत. उलट, गिटार आणि ऑर्गन या दोघांना त्या चालीत ऋषभ पूर्णपणे सोडून केवळ षड्ज-पंचम धरायला सांगितलेत, म्हणजे ठरलेल्या पडद्यांची आणि पट्ट्यांची वाद्ये त्या मधल्या स्वराशी भांडणार नाहीत. आमच्या गिटारवादकाला आरंभी हे रिकामेपण अवघड गेले, हे खरे. आज तोच म्हणतो की अल्बममधले आपले सर्वांत चांगले वादन तेच आहे.

सायकेडेलिक, म्हणजे स्वप्नवत भास निर्माण करणारे, संगीत करायचे म्हणजे प्रत्येक आवाज प्रतिध्वनीत बुडवायचा, अशी आमची तोवरची समजूत होती. त्या संगीताच्या घडणीत ध्वनिमुद्रकांचा वाटा किती मोठा आहे, हेही आम्हाला तुमच्याकडूनच कळले. 1966 मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी टेपयंत्रांच्या साहाय्याने गायकाला पुन्हा गायला न लावता त्याचा आवाज दुहेरी करण्याची पद्धत शोधली, ती गोष्ट तुम्ही ज्या आपुलकीने सांगितलीत, ती आपल्याच घरातल्या कुणाची असावी असे वाटत होते. त्यानंतर तुम्ही 1974 मध्ये बाजारात आलेल्या जातीचे तुमचे स्वतःचे रोलँड आरई-201 हे टेप-एकोचे, म्हणजे टेपवर प्रतिध्वनी निर्माण करणारे, यंत्र टेबलावर ठेवलेत, झाकण उघडून आतली सैलपणे फिरणारी टेप आणि ती वाचणारी तीन हेड्स दाखवलीत, आणि त्या यंत्राचा वापर किती थोडा करायचा हे शिकवलेत.

आमची चाल नऊ मात्रांची आहे, दोन-दोन-दोन-तीन अशी, आणि तिचा सारा डौल शेवटच्या तीन मात्रांच्या लांब पावलात आहे. प्रतिध्वनी सर्व मात्रांवर पडू लागला की ते पाऊल ओळखूच येत नाही. म्हणून तुम्ही साझचा आवाज त्या यंत्राकडे केवळ शेवटच्या तीन मात्रांपुरता पाठवलात. टेपचा वेग किंचित डुलत असतो, त्यामुळे आधी आखून ठेवलेल्या खुणा कामाच्या नाहीत, असे म्हणून रचना संपेपर्यंत तुम्ही फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळीवर, बोट ठेवून उभ्या होतात: सहा मात्रा खाली, तीन मात्रा वर. पहिल्या दोन खेपा तुम्हाला पसंत पडल्या नाहीत. अल्बममध्ये आहे ती तिसरी खेप. मी मागे भिंतीला टेकून मात्रा मोजत होतो आणि तुमचे बोट माझ्या मोजणीच्या कणभर आधी हलत होते.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे ऋण मानायचे आहे. मुखपृष्ठाच्या मागे आम्ही नुसते ‘वर्ल्ड म्युझिक’ असे छापणार होतो. हे नाव 1987 मध्ये लंडनमधल्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांनी एकत्र बसून दुकानातल्या कप्प्यासाठी ठरवले होते, याची आठवण देऊन तुम्ही विचारलेत की कप्प्याचे नाव छापता, मग स्वर ज्यांचा आहे त्यांचे का नाही? त्या प्रश्नावर आम्ही सगळे गप्प झालो. आता प्रत्येक रचनेखाली ती चाल कोणत्या प्रदेशातली, वाद्य कोणते आणि ते कुणाकडून शिकलो, हे छापलेले आहे. इलेक्ट्रिक साझ रॉक संगीतात आणणारे तुर्की संगीतकार एर्किन कोराय यांच्या पिढीचा उल्लेखही त्यात आहे, कारण त्यांच्याशिवाय माझ्या हातात हे वाद्य आलेच नसते.

ठरलेल्या दिवसांपेक्षा तुम्ही चार दिवस अधिक काम केलेत आणि त्यांचा मोबदला घेतला नाहीत. उरलेली रक्कम हप्त्यांनी द्यायला तुम्ही स्वतःहून सांगितलेत, त्यामुळे आम्हाला तोंड उघडून मागावे लागले नाही. हे मी विसरलेलो नाही, बाकीचे तिघेही विसरलेले नाहीत.

अल्बमच्या प्रती या आठवड्यात हाती आल्या. वादकांच्या यादीत पाचवे नाव तुमचे आहे, आणि त्यापुढे ‘टेप-एको’ असे लिहिले आहे. तुम्हाला न विचारता लिहिले, त्याबद्दल क्षमा असावी. पहिली प्रत तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. ती घेऊन येऊ तेव्हा साझही सोबत आणीन, कारण ऋषभाचा पडदा जरा सरकल्यासारखा वाटतो आणि तो तुमच्या कानांसमोर बसवून घ्यावा अशी इच्छा आहे.

आपला कृतज्ञ,
बँडमधला साझवादक