चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट ऐकायला शिकवणाऱ्या अंकलना

आदरणीय अंकल,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये ही आपली अट मी पाळत आहे, मात्र आभार खासगीत मानावेत ही दुसरी अट मोडत आहे. जॅझ ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांचा ‘म्युझिक मेकर्स’ हा बँड यांच्यावर आमच्या श्रवणगटात जो कार्यक्रम झाला, तो आपल्या मदतीवाचून उभाच राहिला नसता. कार्यक्रम संपल्यावर मंडळींनी माझे कौतुक केले. ते कौतुक ज्यांचे आहे त्यांच्यापर्यंत जाहीरपणे पोहोचवणे मला आवश्यक वाटते, कारण या वादकांच्या वाट्याचे श्रेय आजवर बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या तरी दारात जाऊन थांबलेले आहे.

ज्याला चिक यांचे चरित्र म्हणतात ते मला आपल्याकडे येण्यापूर्वीच मिळाले होते. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, जन्म 1916 साली गोव्यात हळदोण्याला, मृत्यू 1967 च्या मे महिन्यात मुंबईत. मसुरीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी आणि नंतर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड. थोर अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ही ख्याती. आणि पुढे संगीतकार सी. रामचंद्र यांचे संगीत साहाय्यक म्हणून चित्रपटांतील काम. या माहितीवर एक बरा लेख झाला असता, पण कार्यक्रमाला जमलेल्या माणसांना काय ऐकवावे आणि ऐकताना कान कोठे ठेवायला सांगावे, हे त्यातून कळत नव्हते. ते आपण शिकवले.

पहिल्याच भेटीत आपण मला चिक यांची एकही तबकडी ऐकू दिली नाहीत. आधी न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या धाटणीचा जॅझ लावलात, आणि तोही तीन वेळा: एकदा केवळ ट्रम्पेटसाठी, एकदा क्लॅरिनेटसाठी, एकदा ट्रॉम्बोनसाठी. ट्रम्पेटने मूळ चाल धरून ठेवायची, क्लॅरिनेटने वरच्या पट्टीत तिच्याभोवती फिरत राहायचे, ट्रॉम्बोनने खालून घसरत येत स्वरांमधल्या जागा भरायच्या, आणि तिघांनी एकाच वेळी बोलूनही गोंगाट होऊ द्यायचा नाही. मग प्रत्येकाचा सोलो, आणि शेवटी पुन्हा सगळे एकत्र. ‘तुमच्या ख्यालात बंदिश असते ना, तसा इथे हेड,’ असे आपण त्या मूळ चालीविषयी म्हणालात, आणि ज्या श्रोत्यांना जॅझचा गंध नव्हता त्यांच्यासाठी मला एवढे एकच वाक्य पुरले.

चिक यांच्याकडे आपण वळलात ते त्यानंतर. त्यांचा घोगरा आवाज, हातातला पांढरा रुमाल, आर्मस्ट्राँगसारखी उभे राहण्याची ढब, या गोष्टींवर सगळेच लिहितात. मीही लिहिणार होतो. रुमालाची नक्कल कोणीही करील, पण तो भरदार, गोल स्वर नकलेने येत नाही, त्याला ओठांची आणि श्वासाची वर्षानुवर्षांची मेहनत लागते, असे सांगून आपण तो मुद्दा माझ्या टिपणातून जवळजवळ पुसून टाकलात. कार्यक्रमात रुमालाचा उल्लेख एकदाच झाला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

गोव्याचीच माणसे या बँडांमध्ये इतक्या मोठ्या संख्येने का दिसतात, या प्रश्नाला आपण दिलेले उत्तरही मी जसेच्या तसे वापरले. चर्चच्या शाळेत मेस्तांच्या, म्हणजे संगीतशिक्षकांच्या, हाताखाली पोराला सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, घोकावा लागे, व्हायोलिन धरावे लागे, आणि त्यामुळे मुंबईत उतरलेल्या गोवेकर मुलाकडे दुसरे काही नसले तरी लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवण्याची विद्या असे. राहायला धोबी तलावच्या बाजूला गावचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक वसतिगृहे, होतेच. वाजवता येत होते, वाचता येत होते. जॅझ मात्र ऐकून शिकायचा होता. ती संधी 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमध्ये आला तेव्हा मिळाली, आणि त्यामागून आलेल्या क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड या अमेरिकन वादकांमुळे ती टिकली. पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतील रात्रींची रया गेली आणि अनेक वादकांनी चित्रपटांच्या स्टुडिओंची वाट धरली.

त्या स्टुडिओंविषयी आपण जे सांगितले ते ऐकताना माझी लेखणी मागे पडत होती. चाल संगीतकाराची असे. तिच्यामागे कोणते वाद्य कोठे उठेल, दोन ओळींच्या मधली जागा कशाने भरली जाईल, व्हायोलिने कोणता काउंटर, म्हणजे मूळ चालीला जोड देणारी दुसरी चाल, वाजवतील, हे बहुधा अरेंजर ठरवीत असे आणि तोच ते कागदावर उतरवीत असे. पडद्यावर त्याचे नाव आलेच तर ‘साहाय्यक’ या शब्दाखाली येई. सेबॅस्टियन डिसूझा लाहोरमध्ये बँड चालवीत, फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्यरचना त्यांनी केली. ती गाणी गुणगुणणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे? अर्थात, संगीतकाराचे काहीच नव्हते असे म्हणणाऱ्यांनाही आपण तितकेच फटकारलेत. सी. रामचंद्र यांना मराठी चालींची जाण होती, गळा होता, चितळकर या नावाने ते स्वतः गात, आणि परक्या तालाला आपल्या शब्दांत कसे बसवायचे याची त्यांची नजर तीक्ष्ण होती. चिक यांनी त्यांना हवा तो आवाज मिळवून दिला. दोघांपैकी एकाला काढले तर ‘अलबेला’ होत नाही, हे आपले मत मी आता माझेच म्हणून सांगतो.

‘अलबेला’चा प्रसंग कार्यक्रमात सर्वांत जास्त रंगला. भगवानदादांचा हा 1951 चा चित्रपट आमच्यातील बहुतेकांनी पाहिलेला होता, पण ‘दीवाना परवाना’ या गाण्यात झालरींच्या पोशाखात वाजवणारा बँड खुद्द चिक यांचा आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. आपल्या सूचनेप्रमाणे गाणे दोनदा दाखवले, आणि दुसऱ्या वेळी शब्दांकडे व नाचाकडे दुर्लक्ष करून केवळ ट्रम्पेटच्या मागे जायला सांगितले. पहिल्या रांगेतील एक आजी मोठ्याने म्हणाल्या, ‘अहो, हा तर आधी नव्हताच!’ यापेक्षा चांगली दाद मला देता आली नसती.

याच पिढीतील गोवेकर वादक फ्रँक फर्नांड यांनी ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोंकणी चित्रपट काढले, किंवा अँथनी गोन्साल्विस हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते, या गोष्टी वेळेअभावी केवळ ओझरत्या सांगता आल्या. त्या दोघांवर स्वतंत्र कार्यक्रम व्हायला हवेत. कोंकणी गाण्यांचे संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्यावर तर हवाच, आणि त्या दिवशी श्रोत्यांत कोंकणी येणारी माणसे अधिक हवीत.

शेवटी एका विशिष्ट गोष्टीबद्दल आभार मानतो. चिक, सेबॅस्टियन, अँथनी यांची नावे आता निदान शोधली तर सापडतात. आपण मात्र माझ्याजवळची छायाचित्रे भिंगाखाली धरून मागच्या रांगेत बसलेल्यांची नावे सांगत गेलात: दुसरा ट्रम्पेट कोण, डबल बेस कोण, ड्रमवर कोण, कोणाचे गाव कोणते. जेथे खात्री नव्हती तेथे अंदाज बांधण्यास आपण साफ नकार दिलात आणि ती जागा मला रिकामी ठेवायला लावलीत. ती यादी मी टंकून घेतली आहे, अक्षरे आपल्याला भिंगाशिवाय वाचता येतील एवढी मोठी ठेवली आहेत. पुढच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून आपण घरी आलात की मी ती घेऊन येईन. कृपया तपासून द्यावी, आणि सॅक्सोफोनच्या रांगेतील डावीकडच्या तरुणापुढे आपण जे नाव सांगायचे टाळलेत, ते आपलेच असल्यास तेवढे लिहिण्याची परवानगीही द्यावी.

आपला,
गिरगावातील एक ऋणी श्रोता