खरेदीखतावर उभा केलेला भलताच माणूस

मा. संपादक, स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या क्रीक आदिवासींना बंदुकीने हुसकावले, हे खरे. पण त्याआधी कागदाने लुबाडले होते. मार्च १८३२ च्या करारात अलाबामातल्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाला ३२० एकर, ९० मुख्य सरदारांना ६४० एकर ठरले. जायचे की राहायचे ही त्यांची मर्जी, असेही त्यात लिहिले होते! पण सामाईक जमिनीचे तुकडे पडले नि विक्रीची वाट मोकळी झाली. दलाल भलत्याच क्रीक माणसाला मालक म्हणून अधिकाऱ्यापुढे उभा करत, खतावर खूण घेत, हातावर ठेवलेले पैसे बाहेर येताच काढून घेत. उपाशी लोकांनी १८३६ त शस्त्र उचलले. तेवढ्या निमित्ताने सैन्याने बाकीच्यांनाही हाकलले, काहींना बेड्या घालून. ३१ ऑक्टोबर १८३७ च्या रात्री मिसिसिपी नदीत त्यांना नेणाऱ्या 'मॉनमाउथ' बोटीची टक्कर होऊन सुमारे ३०० जण गेले.

आपल्याकडे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाताना महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली परवानगी लागते. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीत मालकाचे नाव बदलण्याची, नोटीस चावडीवर लागली की हरकतीला १५ दिवस मिळतात. ती नोटीस ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, आणि खत होताना जमीन देणाऱ्याला चेहऱ्याने ओळखणारे गावातलेच दोघे साक्षीला असावेत.

– काही वाचक, धानोरा तालुका, जि. गडचिरोली