पेनच्या बुशला कुठलाही धातू चालत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लेथवर लाकडी पेनं कातायच्या छंदावर तुम्ही अख्खं पान दिलंत, वाचून खूप बरं वाटलं, कारण आमच्या ऐरोली-रबाळे पट्ट्यात लेथपुढे उभं राहून आयुष्य काढलेली माणसं घरोघरी सापडतील आणि या कामाबद्दल पेपरात कधी काही येतच नाही. पण त्यात एक वाक्य होतं, की बुश (कातताना लाकडाच्या टोकांना लावायच्या धातूच्या छोट्या नळ्या) घरीच बनवा, कुठलाही धातू चालतो, पितळ घेतलं तर दिसतंही छान. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

मी आयटीआयचा टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा. रबाळ्याच्या एका टूलरूममध्ये ३१ वर्षं काम केलं, आता गॅलरीत छोटा लाकडाचा लेथ बसवलाय आणि पेनं करतो.

ज्यांनी हे काम बघितलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाकडाच्या तुकड्याला आरपार भोक पाडून आत पितळी नळी चिकटवायची, तुकडा मॅन्ड्रेलवर, म्हणजे लेथवर फिरणाऱ्या बारीक दांड्यावर, चढवायचा आणि दोन्ही टोकांना एकेक बुश लावायचा. बुशचा बाहेरचा व्यास पेनच्या त्या बाजूच्या धातूच्या पार्टएवढा असतो, कातता कातता लाकूड बुशच्या बरोबरीला आलं की माप आलं. म्हणजे बुश म्हणजे नुसता टेकू नाही, तो गेज आहे, म्हणजे मापाचं साधन, आणि गेज दिसायला छान आहे म्हणून कोणी निवडत नाही.

आमच्या सोसायटीतला अकरावीतला मुलगा तुमचा लेख यायच्या आधीच पितळी बुश करून बसला होता. एक दिवस पेन घेऊन आला, म्हणाला, काका, मी लाकूड बुशला अगदी बरोबर मिळवलंय तरी इथे नख अडतंय बघा. खरंच अडत होतं, निबकडची रिंग लाकडापेक्षा वर उभी होती. मी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) काढला, बुश पाहिजे होता ८.३ मिमी, भरला ८.० आणि लाकडाकडच्या कडेला त्याहूनही कमी. चारच पेनं झाली होती. १२० नंबरचा पॉलिश पेपर तो लाकडावरून सरळ बुशवर नेत होता आणि पितळ बिचारं प्रत्येक वेळी थोडं थोडं जात होतं. पोराचा हात चांगला आहे, चूक धातूची होती.

ॲल्युमिनियमचं तेच, उलट जास्तच वाईट, झिजतं तर झिजतं आणि वर करड्या रंगाचा डाग लाकडाच्या रेषांत भरून ठेवतं. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चकचकीत दिसतं, गंजत नाही म्हणून लोक मागतात, पण ड्रिल जरा घासलं गेलं, नीट कापलं नाही की भोकाच्या आतला भाग कडक होऊन बसतो आणि मग रीमरची (भोक नेमक्या मापाला आणायच्या हत्याराची) धार जाते. काही जण दुसऱ्या टोकाला जातात, इएन ३१ किंवा सिल्व्हर स्टील असलं जास्त कार्बनचं पोलाद घेऊन हार्डन करतात, म्हणजे तापवून-विझवून कडक करतात, म्हणजे झिजायलाच नको. पण मग छिन्नी बुशला लागली की छिन्नीचीच धार जाणार. कार्बाइडची टीप असेल तर तिचा टवका उडू शकतो. बुश दहा मिनिटांत नवीन होतो, छिन्नी नाही होत.

माझं मत सांगायचं तर इएन १ए लेडेड या ग्रेडच्या मऊ पोलादाचा ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत, मापात ओढलेली कांब. कार्बन ०.१५ टक्क्याच्या आत, त्यात गंधक आणि थोडं शिसं घातलेलं, त्यामुळे कीस लांब दोरीसारखा गुंडाळत येत नाही, तुटून तुटून पडतो, छोट्या लेथवर सुद्धा फिनिश आरशासारखं मिळतं आणि पितळापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. नाही मिळालं तर साधा एमएस (माइल्ड स्टील) ब्राइट बार चालेल. इएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) पण चालतो, कापायला थोडा जड. सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट मात्र नको, आत कुठे मऊ कुठे कडक काही भरवसा नाही. भंगारातला तुकडा घ्यायचाच असेल तर ग्राइंडरवर ठिणगी बघा, लांब सरळ रेषा आल्या तर मऊ, टोकाला चांदण्यांसारखी फुटली तर कार्बन जास्त आहे, ठेवून द्या.

लोखंडाचा एक दोष आहे, तोही सांगायलाच हवा. पेपर मारताना त्याची काळी भुकटी निघते. शिवणीच्या फिक्या लाकडावर मी एकदा ती अशी पसरवून ठेवली की दोन्ही टोकं काजळ लागल्यासारखी झाली, पुन्हा कातावं लागलं आणि माप गेलं. बाभळीसारख्या टॅनिनवाल्या लाकडावर ओला पेपर मारलात तर लोखंड आणि टॅनिन मिळून निळा-काळा डाग पडतो, तो वरवर पुसून जात नाही. म्हणून छिन्नीचं काम लोखंडी बुशवर करा, पॉलिश पेपर आणि सुपरग्लूच्या फिनिशसाठी डेलरिनचे (एक कडक प्लास्टिक) किंवा पॉलिथिनचे बुश वेगळे ठेवा, त्यांना सुपरग्लू धरत नाही. दुकानदार डेलरिन म्हणून नायलॉन देतात, नायलॉनला तो चिकटतो. आणि खाडीच्या हवेत आमच्याकडे पावसाळ्यात लोखंड आठ दिवसांत लाल होतं, तेलाचं बोट फिरवून डबीत ठेवा, वापरताना स्पिरिटने नीट पुसा नाहीतर तेल लाकडात उतरेल.

बनवताना एकच सांभाळा, भोक आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत झाला पाहिजे. चकमधून (लेथच्या पकडीतून) काढून उलटा धरला की सेंटर गेलं, मग पेन एका बाजूला जाड एका बाजूला पातळ. भोक आधी ड्रिलने थोडं कमी पाडा, मग मॅन्ड्रेलच्या मापाचा रीमर. मुलाला आम्ही असेच चार बुश करून दिले, आता त्याचं नख अडत नाही.

तुम्हाला विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्या लेखाखाली धातूचा ग्रेड छापा, पोरं दुकानात जाऊन नुसतं लोखंड द्या म्हणतात आणि मिळेल ते घेऊन येतात. आणि रबाळे, महापे, वागळे इस्टेटमधल्या मशीन शॉपवाल्यांनाही तुमच्यामार्फत सांगतो, तुमच्याकडे इएन १एची चार-सहा इंचाची टोकं रोज भंगाराच्या पिंपात जातात, त्यातली थोडी ग्रेड लिहून बाजूला ठेवा आणि कोणी पोरगं मागायला आलं तर किलोच्या भावाने द्या.

आपला,
एक निवृत्त टर्नर, ऐरोली, नवी मुंबई